पहिली-दुसरीच्या गणिताची उद्दिष्टं कशी ठरवायची?

तुम्ही विचारलंय की सरकारी शाळेतला पहिलीचा वर्ग आहे, मुलं वेगवेगळ्या पातळीवरची आहेत आणि 'वर्षाअखेर शंभरपर्यंत संख्या' याशिवाय हातात काही नाही. मग उद्दिष्टं लिहायची कशी?

मी बरीच वर्षं याच इयत्तांना शिकवतेय. माझ्या मते मूल उत्तरापर्यंत कसं पोचतं ते उद्दिष्टात आधी यावं, संख्या किती मोठी ते नंतर.

शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर सात मणी ठेवा. ते बोट लावून नीट मोजेल. लगेच विचारा, "मग किती आहेत?" काही मुलं "सात" म्हणतात, काही पुन्हा पहिल्या मण्यापासून मोजायला लागतात. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे सगळे मणी मिळून, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. अशा मुलासाठी 'दहापर्यंतच्या वस्तू मोजून किती ते पुन्हा न मोजता सांगणे' एवढंच उद्दिष्ट लिहा.

बेरजेचंही तसंच. आठ मणी वाटीखाली झाका, शेजारी पाच उघडे ठेवा आणि एकूण किती ते विचारा. एक मूल वाटीवर बोट टेकवत एकपासून सुरू करतं. दुसरं आठ मनात धरून "नऊ, दहा..." असं पुढे मोजतं. तिसरं पाचातले दोन आठला देऊन दहा करतं आणि तेरा सांगतं. वहीत तिघांनाही बरोबरची खूण मिळते, पण पहिल्याला आता पुढे मोजायला शिकवायचंय, दुसऱ्याला दहा करायला, तिसऱ्याला त्याच युक्तीने १३ मधून ५ वजा करायला.

मोठ्या संख्यांची घाई नको. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या कॉमन कोअर मानकांत पहिलीच्या आधीच्या वर्गात मोजणी १०० पर्यंत आहे, पण सफाईदार बेरीज-वजाबाकी फक्त ५ च्या आत. पहिलीत ती १० च्या आत, दुसरीत मनातल्या मनात २० च्या आत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. (सफाई हवी म्हणून घड्याळ लावून चाचण्या मात्र घेऊ नका, घाबरलेलं मूल पुन्हा बोटांवर येतं.)

दुसरीसाठी दशक सोडू नका. चौदा काड्या मोजून १४ लिहायला सांगा आणि "यातला १ म्हणजे कोणत्या काड्या?" असं विचारा. एकच काडी उचलणारी मुलं दुसरीतही भेटतात, आणि त्यातली काही हातच्याची बेरीज बिनचूक करत असतात.

एका वेळी तीन-चार उद्दिष्टं पुरे. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं मणी घेऊन बसा, रोज चार-पाच मुलं, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. वरिष्ठ टक्केवारी मागतील, ती द्या. सोबत कोणत्या पायरीवर किती मुलं आहेत तो तक्ताही जोडा, कारण उद्या वर्गात काय घ्यायचं ते त्यावरूनच ठरतं. आणि घरी मोजणीशी ओळखच न झालेली मुलं असतील, तर त्यांचं उद्दिष्ट पहिल्या चाचणीच्या तारखेला बांधू नका. दहाच्या आतल्या वस्तूंवर त्यांना दोन महिने लागले तरी लागू द्या, पत्रकात ती मागे दिसली तरीही.