कोर्टाच्या गोष्टी वाचायला घेताना

निकाल काय लागला हे बघायला शेवटचं पान आधी उघडू नका. अशा लेखनात निकालापेक्षा बोलायची संधी कोणाला मिळाली, हे जास्त बोलकं असतं. सुरुवात तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पासूनच करा, असा माझा आग्रह आहे. खेळ म्हणून उभा केलेला खटला बघता बघता बेणारेबाईंच्या खासगी आयुष्यावर घसरतो. आरोप भ्रूणहत्येचा, आणि न्यायाधीश बनलेले काशीकर शिक्षा काय सुनावतात, तर बाईंच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची! त्याआधी बाजू मांडायला बाईंना १० सेकंद मिळतात. त्यांचं लांबलचक स्वगत चालू असताना बाकीची पात्रं जागच्या जागी थिजलेली असतात. म्हणजे आपण ऐकतो, कोर्ट ऐकतच नाही. हा भाग दोनदा वाचा, त्यातही एकदा मोठ्याने.

मग काफ्का. त्याच्या मृत्यूनंतर १९२५ साली आलेल्या ‘द ट्रायल’मध्ये योसेफ के.ला आपल्यावरचा आरोप शेवटपर्यंत कळत नाही. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मधला वारशाचा दावा इतका रेंगाळतो की सगळी मालमत्ता कोर्टखर्चातच संपते. पुस्तक जाडजूड आहे, पण चिकाटी सोडू नका.

सोफोक्लीसची ‘अँटिगनी’ जरा उशिरा घ्या. राजाचा हुकूम मोडून भावाला मूठमाती देणारी ती आपल्याला लगेच पटते. पण त्या राजाला, क्रेऑनला, खलनायक ठरवून मोकळे होऊ नका. नुकत्याच युद्धातून वाचलेलं नगर त्याला सांभाळायचं आहे. त्याची भाषणंही तितक्याच सावकाश वाचा.