दुखतं कपाळ, मग दुर्बीण नाकात कशाला?

प्रश्न: माझे पती (वय ४४) जिनिंगमध्ये कामाला आहेत. दोन वर्षांपासून उजव्या भुवईच्या वर ठणकतं, नाक चोंदतं, वास जवळजवळ गेलाय. औषधांचे तीन कोर्स झाले, नाकातला फवारा चालूच आहे. सीटी स्कॅनमध्ये ‘पॉलिप (नाकात वाढलेलं मांस), उजव्या फ्रंटल सायनसचा निचरा बंद’ असं आलंय. डॉक्टर दुर्बिणीने ऑपरेशन सांगतात. दुखतं कपाळ, मग नाकातून ऑपरेशन कशाला? सासूबाई म्हणतात, तिथे मागे मेंदू असतो, हात लावू देऊ नका.
— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर: ताई, सासूबाई बरोबर बोलल्या. मागे मेंदूच आहे. त्यांना एवढंच सांगा, की ऑपरेशन करणाऱ्यालाही ते क्षणभर विसरता येत नाही.

माझ्या टेबलावर उभी कापलेली एक कवटी असते. अमळनेर-पारोळ्याकडचे म्हातारे ‘कपाय दुखस’ म्हणत येतात आणि ती दिसली की खुर्ची मागे सरकवतात. मी तिच्या भुवईमागच्या पोकळीत बॅटरी धरून दाखवतो. पुढची भिंत चांगली जाड, प्रकाश अडतो. मागची भिंत मात्र उन्हात धरलेल्या पापडासारखी उजळते. काही जागी ती एक मिलिमीटरही नसते. तिच्या पलीकडे मेंदूचं आवरण. पोकळीचा तळ म्हणजे डोळ्याच्या खोबणीचं छत. हाच फ्रंटल सायनस. जन्मलेल्या बाळात तो नसतोच, विशीपर्यंत हळूहळू वाढतो. डावा-उजवा सहसा सारखे नसतात, काहींना एका बाजूला अजिबात नसतो. माणसागणिक आकार इतका वेगळा, की जुन्या एक्स-रेशी ताडून बेवारस मृतदेहाची ओळख पटवता येते.

आता नाकातून का, ते सांगतो. आपल्याकडची धाब्याची घरं आठवा. छत ठिपकायला लागलं की घरातले वर पांढरी माती टाकायला धावत. माझे आजोबा आधी पन्हळीत हात घालत आणि चिमणीचं घरटं बाहेर काढत. दाजींचंही तसंच आहे. पन्हळ तुंबली म्हणून वर साचलंय, आणि पन्हळ नाकात उघडते.

सायनसच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते चिकट पाणी दोन सायनसांमधल्या पडद्यावरून वर, छतावरून बाहेरच्या बाजूला आणि तळावरून परत दाराकडे ढकलत नेतात. दुसरीकडे भोक पाडलं तरी त्यांचा ओढा मूळ दाराकडेच. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात कान-नाक-घशाचे डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी हा प्रवाह अभ्यासला आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया त्यावर उभा राहिला. कपाळ उघडून सायनस चरबीने भरून टाकायची जुनी पद्धत म्हणूनच मागे पडली. बाहेरून जावं लागतं ते काही गाठींत, फ्रॅक्चरमध्ये किंवा दुखणं अगदी बाहेरच्या कोपऱ्यात असेल तेव्हा.

ही वाट डमरूसारखी असते: वर सायनस, मध्ये काही मिलिमीटरची कंबर, खाली परत रुंद. पुढे अॅगर नासी नावाची हवेची कोठी, बाहेरच्या अंगाला डोळ्याची कागदासारखी भिंत, आतल्या अंगाला मधला टर्बिनेट, म्हणजे नाकातलं वळलेलं पातळ हाड. मागच्या बाजूला वर एक बारीक धमनी आडवी जाते. ती तुटून डोळ्याच्या खोबणीत आखडली, तर रक्त डोळ्यामागे साचतं आणि मिनिटांत नजर धोक्यात येते. आतल्या बाजूला वासाच्या नसांचा खड्डा. केरोस यांनी १९६२ मध्ये त्याच्या खोलीचे तीन प्रकार केले: ३ मिलिमीटरपर्यंत, ४ ते ७, आणि ८ ते १६. खड्डा जितका खोल, तितकी त्याची बाजूची पातळ भिंत उघडी. सासूबाई म्हणतात तो मेंदू इथे सगळ्यात जवळ येतो.

एक चूक सांगतो, माझीच. सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटच्या फिल्मवर फक्त समोरून घेतलेली चित्रं होती, बाजूची नव्हती. मी तसाच शिरलो. एक पोकळी उघडली, वाटलं सायनस लागला. ती अॅगर नासीची कोठी होती. तिचं छत तसंच राहिलं आणि खऱ्या दारावर झाकण बनून बसलं. तीन महिन्यांत तो माणूस तेच ठणकणारं कपाळ घेऊन परत आला. ग्राझचेच स्टॅमबर्गर या कामाला ‘अंड्याचं टोपण काढणं’ म्हणत. मी अंडं फोडलं होतं, टोपण विसरलो होतो. दुसऱ्या वेळी स्कॅन नीट करून घेतला आणि टोपण काढलं.

म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी मोकळेपणाने विचारा. स्कॅन तिन्ही दिशांनी, पातळ कापांचा आहे का? आणि किती उघडणार? जर्मनीचे सर्जन ड्राफ यांनी १९९१ मध्ये याच्या पायऱ्या मांडल्या: पहिलीत फक्त वाट साफ, दुसरीत त्या बाजूचा तळ रुंद, तिसरीत मधला पडदा काढून दोन्ही सायनसांना एकच मोठं दार. पहिल्याच ऑपरेशनला तिसरी पायरी सांगितली, तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दाजींना दमा असेल, अॅस्पिरिनने धाप लागत असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा.

नुसतं कपाळ दुखतंय आणि स्कॅन स्वच्छ आहे, अशांना मी ऑपरेशनला हात लावत नाही; त्यातल्या बऱ्याच जणांची अर्धशिशी निघते. दाजींचं तसं दिसत नाही. वास गेलाय, मांस वाढलंय, औषधं करून झालीत. ऑपरेशनचा सल्ला मला योग्य वाटतो. नंतर मात्र मिठाच्या पाण्याने नाक धुणं, फवारा आणि तपासणीच्या खेपा चुकवायच्या नाहीत. ती कंबर जखमेच्या वणाने परत मिटते, पॉलिपही परत येतात.

मधल्या काळात वरची पापणी सुजली, एकाचे दोन दिसायला लागले, कपाळावर मऊ टेंगूळ आलं किंवा तापात मान ताठली, गुंगी आली, तर तारखेची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि जाताना नुसता छापील रिपोर्ट नको, स्कॅनची सीडी पिशवीत टाका.