कॉलेज आणि गाव मिळून गरीब घरांसाठी काम करायचं, तर अनुदान कुठून मिळतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. राजापूर तालुक्यातलं तुमचं कॉलेज आणि शेजारच्या दोन वाड्यांतले बचत गट मिळून कमी उत्पन्नाच्या घरांसाठी काहीतरी उभं करायचं आहे. अमेरिकेत विद्यापीठांना अशा कामासाठी सरकार अनुदान देतं असं तुम्ही वाचलंत. आपल्याकडे तसं काही आहे का, आणि प्रस्तावात काय लिहायचं?

मी प्राध्यापक नाही. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब गेली चौदा वर्षं लिहिते. कॉलेजबरोबरचे तीन प्रकल्प माझ्या वहीतून गेले. त्यातला एक पार फसला, एक बरा झाला, एक चालू आहे. म्हणून उत्तर पैशाच्या बाजूनेच देणार.

आधी अमेरिकेचं. तुम्ही वाचलंत ती बहुधा तिथल्या गृहनिर्माण खात्याची १९९४ पासूनची योजना असावी. विद्यापीठाने शेजारच्या वस्तीबरोबर केंद्र काढायचं आणि घरं, रोजगार, शिक्षण यांवर काम करायचं. ती आता बंद आहे, पण तिच्या दोन अटी मला फार आवडतात. संशोधनावर प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही, आणि वस्तीतल्या लोकांची सल्लागार समिती हवीच. आपल्याकडे हे कुणी सक्तीचं केलेलं नाही, पण तुमच्या प्रस्तावात तुम्ही आपण होऊन लिहू शकता. मी लिहायला लावते.

आपल्याकडे या कामासाठी एकच खिडकी नाही. तुकडे जोडावे लागतात, गोधडीसारखे.

कॉलेजच्या बाजूने पहिलं नाव उन्नत भारत अभियान, म्हणजे कॉलेजांनी गावं निवडून तिथे काम करायची केंद्राची योजना. हे २०१४ साली सुरू झालं, दिल्लीची आयआयटी त्याचं समन्वयन करते, आणि संस्थेने निदान पाच गावं निवडायची असतात. पैसा फार मोठा नसतो, पण घरोघरच्या पाहणीचा नमुना तयार मिळतो आणि पुढच्या दारात सांगायला एक ओळख होते. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, तुमच्याकडे असेलच. सात दिवसांचं शिबिर आणि स्वयंसेवकाचे वर्षाला १२० तास, एवढं मनुष्यबळ फुकट आहे. फक्त त्यातून बंधाऱ्यापलीकडेही काही करता येतं हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना पटवावं लागतं. (बंधाऱ्यावर माझा राग नाही. दर वर्षी तोच बंधारा, यावर आहे.)

शेती-मासेमारीचं काही असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला सोडून चालणार नाही. ते १९७२ पासून आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला त्यांचं मत्स्य महाविद्यालय आहे, आणि लांज्याचं कृषी विज्ञान केंद्र तर हाकेच्या अंतरावर, किर्लोस आणि रोह्याची जरा लांब. तुमचं कॉलेज कला-वाणिज्यचं असेल तर तांत्रिक बाजू त्यांच्याकडे द्या आणि घरांशी बोलण्याची बाजू तुमच्याकडे ठेवा. दोन्ही आपणच करू असं म्हणणारे प्रस्ताव वाचणाऱ्याला लगेच कळतात.

गावाच्या बाजूने उमेद (राज्याचं ग्रामीण बचत गटांचं अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि नाबार्ड (शेती आणि ग्रामविकासाची बँक). उमेदच्या गटाला फिरता निधी मिळतो, तो पूर्वी १५ हजार होता, २०२३ मध्ये राज्याने ३० हजार केला. रक्कम छोटी, पण ती गटाच्या खात्यावर येते, कॉलेजच्या नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावरच बोलायचंय. लघु अन्नप्रक्रियेसाठी २०२० पासूनची केंद्राची योजना आहे. तिच्यात कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला बीजभांडवल ४० हजारांपर्यंत. मुदत मात्र दर वर्षी बघून घ्यायची.

गाव खाडीकाठी असेल तर आणखी एक. राज्याची २०१७ ची कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आहे, खेकडापालन, कालवं, शोभिवंत मासे वगैरेंसाठी. तिच्यात गटाला ९० टक्के, एकट्याला ७५ टक्के शासन देतं. कांदळवनावर घर चालतं का, हे बघायचं तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जाऊन स्वामिनी बचत गटाच्या बायकांच्या होडीतून एक फेरी मारा. मग प्रस्ताव लिहा.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल, सगळे आधी विचारतात, म्हणून थोडं नीट सांगते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. ५०० कोटी नक्त मूल्य किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे, आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास हे सोपं, राजापुरात कठीण. शिवाय बचत गटाला हा पैसा थेट मिळत नाही. मध्ये नोंदणीकृत संस्था लागते, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी असलेली, साधारण तीन वर्षांचं काम दाखवू शकणारी, आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरलेली. तुमच्या कॉलेजची चालवणारी शिक्षण संस्था ट्रस्ट असेल तर हे कागद तिच्याकडे आहेत का ते आजच विचारा. परदेशी पैशाच्या मागे लागू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला तो पुढे देताच येत नाही, म्हणजे भागीदारीचा मुद्दाच संपला.

आता फसलेल्या प्रकल्पाची गोष्ट.

कोकमाचा प्रकल्प होता. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, संध्याकाळी उचलून परत रसात. अशी पुटं द्यावी लागतात आणि आठवडाभर ऊन लागतं. मेच्या शेवटी एक जरी वळवाची सर आली तरी खळ्यावर पसरलेल्या सालींना बुरशी धरते. म्हणून एका कॉलेजने सौर वाळवणी यंत्राचा प्रस्ताव केला. कल्पना उत्तम. मंजुरी डिसेंबरात आली, पहिला हप्ता मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा! तीन दरपत्रकं, खरेदी समिती, बिल, सगळं दहा दिवसांत. बिल मार्चचं झालं, यंत्र आलं जुलैत. ट्रक वाडीच्या उतारावर चिखलात रुतला तेव्हा मी तिथे होते. गटाच्या अध्यक्ष काकी डोक्यावर इरलं घेऊन बघत उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "रातांबे काय तुमच्या मार्च एंडाक इचारून पिकतत?"

पुढे आणखी मजा. यंत्र अनुदानातून घेतलेलं, म्हणून कॉलेजच्या जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद. कॉलेजची मालमत्ता गटाच्या ताब्यात कायमची द्यायची तर अनुदान देणाऱ्याची परवानगी लागते. पत्र गेलं, उत्तर आलं नाही. मग प्राचार्य म्हणाले, ऑडिट होईपर्यंत आवारातच राहू दे. वाडीपासून आवार नऊ किलोमीटर. पुढच्या मे महिन्यात मुलांच्या परीक्षा आणि प्राध्यापकांचे पेपर तपासणे, त्यामुळे कॉलेजला कुलूप. तिसऱ्या वर्षी बघितलं तेव्हा त्याच्या खणांत एनएसएसची घमेली ठेवलेली होती. पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला असं उपयोगिता प्रमाणपत्र मात्र चोख गेलं, आकडे मीच भरले. नियमाप्रमाणे खात्यावरचं व्याजसुद्धा परत केलं. कागदावर त्या प्रकल्पात एक रुपयाची चूक सापडणार नाही.

त्यात लबाडी कुणीच केली नाही, हे मला जास्त लागतं. पैशाचं कॅलेंडर एक, कॉलेजचं दुसरं, आणि घराचं तिसरं. गरीब घराचं तिसरं कॅलेंडर प्रस्तावात कुठेच नव्हतं.

म्हणून आता मी प्रस्तावाला हात लावायच्या आधी एक कागद आडवा धरते आणि बारा महिने लिहून बायकांना विचारते, कुठल्या महिन्यात घरात पैसा असतो आणि कुठल्या महिन्यात नसतो. आमच्याकडे ते साधारण असं निघतं. मार्च ते मे आंबा, काजू, कोकम, तेव्हा हाताला काम असतं पण वेळ अजिबात नसतो. जून-जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ६१ दिवस, तेव्हा खाडीकाठच्या घरांत उसनवारी. ऑगस्ट-सप्टेंबर गणपती, म्हणजे मुंबईकर येतात आणि खर्चही येतो. पैशाची खरी ओढाताण असते ती पावसाळ्याच्या तोंडाला आणि चतुर्थीच्या आधी. हा कागद प्रस्तावाला जोडायचा आणि हप्ते त्याच्यावरून मागायचे. सरकारी हप्ता आपल्या म्हणण्याने हलत नाही, खरं आहे. पण मग खरेदीचं काम पहिल्या वर्षी ठेवायचं आणि उत्पादनाचं दुसऱ्या, हे तर आपल्या हातात आहे. सीएसआरमध्ये सोय आणखी बरी: कंपनीने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला, तर सुरू झालं ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालतो आणि न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवता येतो. हे कंपनीच्या माणसाला तुम्हीच सांगा, तो सहसा आपण होऊन सांगत नाही.

मालकीचं वाक्य पहिल्याच पानावर हवं. मी लिहिते ते असं: 'खरेदी केलेली साधनं वितरणाच्या दिवसापासून गटाच्या मालकीची राहतील व त्यांची नोंद गटाच्या नोंदवहीत होईल.' हे मंजुरीतच आलं तर पुढची पत्रापत्री वाचते. देणाऱ्याने खोडलं, तर निदान तेव्हाच कळतं, जुलैत नव्हे.

दुसरं म्हणजे हजेरी. प्रशिक्षणाला या म्हटलं की बाई त्या दिवसाची मजुरी सोडून येते. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात २९७ रुपये होता. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला तीस बायका म्हणजे ४४ हजार ५५० रुपये त्या घरांनी तुमच्या प्रकल्पाला आपल्या खिशातून दिले. तज्ज्ञाचं मानधन, बॅनर, चहा-नाश्ता यांचे मथळे अंदाजपत्रकात असतात, हा नसतो. एका बैठकीत मी तो घातला तेव्हा एक सर म्हणाले, सवय लागेल. मी म्हटलं, तुम्हालाही प्रवासभत्त्याची लागलेलीच आहे. बैठक जरा लवकर संपली, पण मथळा राहिला.

त्या बऱ्या झालेल्या प्रकल्पात फार मोठं काही नव्हतं. यंत्र नाही, इमारत नाही. वाणिज्य शाखेची सहा मुलं गटांच्या वह्या नीट करायला आठवड्यातून एकदा जायची आणि त्यासाठी त्यांना श्रेयांक मिळायचे. वर्षभरात चार गटांचं बँक कर्ज झालं, कारण शाखेत मागतात त्या वह्या पहिल्यांदाच पूर्ण होत्या. खर्च म्हणाल तर एसटीचं भाडं आणि कॅल्क्युलेटर. असल्या कामाला मोठं अनुदान मिळत नाही, पण अनुदान मागण्यापूर्वीचं एक वर्ष तुम्ही हे केलंत, तर 'पूर्वानुभव' या रकान्यात लिहायला खरं काहीतरी असेल.

तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर पहिली बैठक कॉलेजात ठेवू नका, वाडीत ठेवा, आणि पाचनंतर. काजूच्या कारखान्यातून बायका त्याआधी सुटत नाहीत, आणि चारची वेळ दिलीत तर येतील त्या फक्त ज्यांना कारखान्यात जावं लागत नाही.