उत्तर: नववीच्या शेती विषयाचं प्रात्यक्षिक, आणि दिवाळीत येणारं बियाणं

मॅडम, तुमची पोस्ट वाचली. विट्याच्या बाजूला नववीला शेती हा व्यवसाय विषय, दोन गुंठे जागा, वरच्या कार्यालयाकडून बी-साहित्य दिवाळीच्या तोंडावर हातात, सुट्टीत टोमॅटोची रोपं वाळली, आणि आता प्रात्यक्षिक सोडून नुसती फाइल लिहून घ्यावी का हा प्रश्न. आमच्या शाळेनं हेच दुखणं भोगलंय. फाइल लिहून घेऊ नका.

रोपं कशी करायची ते तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो. घोळ तारखेचा आहे. वांग्याचं रोप ट्रेमध्ये ३० ते ३५ दिवस, लागणीनंतर तोड्याला आणखी ६० ते ७० दिवस. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बी टाकलं तर जुलैअखेर लागण आणि ऑक्टोबरात पहिला तोडा. मुलांना सगळं पीक डोळ्यांनी दिसतं. तेच बी नोव्हेंबरच्या मध्यावर टाकलं तर थंडीत वाढ रेंगाळते आणि फळ दिसेपर्यंत परीक्षा डोक्यावर येते.

म्हणून वरच्या बियाण्याची वाट बघायचीच नाही. ज्या कार्यालयाकडून हे येतं त्याचं नाव घेत नाही. मागणीपत्र जूनमध्ये, साहित्य थंडीत, आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) मात्र मार्चअखेर टेबलावर हवं! वर शेणखताला जीएसटीचं बिल जोडा म्हणतात. कुठला गोठेवाला देतो हो जीएसटीचं बिल? याच एका शेऱ्यावर आमची फाइल परत आली आणि त्यात लागणीचा वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल असण्याची वेळ, निघून गेला. त्यावरची तोड अशी: खरेदीआधी शाळा समितीचा ठराव करा आणि त्यात 'शेणखत स्थानिक शेतकऱ्याकडून' हे शब्द घाला. पावतीवर शेतकऱ्याची सही, गाव आणि वजन घ्या. रक्कम पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. कागद आवक शिक्का घेऊनच द्या, आणि शेरा तोंडी मारला तर लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे शेरे गळतात. अर्थात हिशेबाचं शेवटचं मुख्याध्यापकांना विचारूनच करा, मी काही ऑडिटर नाही.

पिकाबद्दल माझं ठाम मत आहे की खरिपात शाळेनं टोमॅटो लावू नये. करपा रोग येतो, आधाराच्या तार-बांबूचा खर्च येतो, आणि पहिल्याच वर्षी मुलांचा हिरमोड होतो. वांगं त्याच कुळातलं आहे, काटक आहे, आणि कृष्णाकाठची वांगी आपल्याकडच्या मुलांना काही नवीन नाहीत. गुंठ्याला ९० बाय ७५ सेंमीवर कागदावर १५० रोपं बसतात, वाटा सोडून १३०च्या आसपास. ९८ कप्प्यांचे दोन ट्रे केले की नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायलाही रोपं उरतात.

खताचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या, पण इथं एक चूक हमखास होते. शिफारस हेक्टरी असते आणि आपल्या डोक्यात एकर, म्हणजे ४० गुंठे, म्हणून ४०नं भागतात. हेक्टर म्हणजे १०० आर, आणि गुंठा जवळजवळ एक आर, भागायचं १००नं. हेक्टरी १५०:७५:७५ (किलो नत्र, स्फुरद, पालाश) धरलं तर गुंठ्याला युरिया सव्वातीन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट पावणेपाच, पोटॅश सव्वा किलो. ४०नं भागलं की युरिया आठ किलोवर जातो आणि कोवळी रोपं जळतात. बरोबर हिशेबातलाही युरिया निम्माच लागणीला द्यायचा, उरलेला पुढं महिन्याच्या अंतरानं दोनदा. शेणखत गुंठ्याला २०० किलो.

ट्रेमधल्या पानांच्या कडा करपल्या तर लगेच बुरशीनाशक आणू नका. बोअरचं पाणी खारं आहे का, कोकोपीट (ट्रेत भरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) धुतलं होतं का, हे आधी बघा.

सुट्टीसाठी २०० लिटरचं बॅरल तीन-चार फूट उंचावर ठेवून ठिबकची नळी सोडा. रोपांभोवती उसाच्या पाचटाचा तीन-चार इंच थर द्या. जवळच्या वस्तीवरच्या दोन मुलांनी एक दिवसाआड बॅरल भरलं तरी भागतं. फवारणीचा पंप मात्र मुलांच्या हाती कधीच नको, निंबोळी अर्क असला तरी.

आणि पालकांना उगाच स्वप्नं दाखवू नका. बी.एस्सी. अ‍ॅग्रीला बारावी सायन्स आणि सीईटी लागतेच, हा विषय घेतला म्हणून ती टळत नाही.

यंदापुरतं म्हणाल तर एका गुंठ्यात मेथी करा, साधारण ३०० ग्रॅम बी, दहा दिवसांच्या अंतरानं दोन टप्प्यांत. महिन्याभरात काढणी होते आणि वजनाच्या नोंदी खऱ्या मिळतात. दुसऱ्या गुंठ्यात नर्सरीतून वांग्याची तयार रोपं आणून याच आठवड्यात लावा. ट्रेचा महिना वाचतो. वरून आलेलं बियाणं फेकू नका. पाकिटावरची मुदत बघून कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि जूनमध्ये आधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मुलांना मोजू द्या.