दहावीच्या मुलांना जिओजेब्राच्या (बिंदू ओढून हलवता येतील अशा भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) फाइली कशा द्याव्यात: ड्राइव्ह, व्हॉट्सॲप की लिंक? आणि मुलांनी छेडछाड करू नये म्हणून त्या लॉक करता येतात का?

लिंक. जिओजेब्राच्या साइटवर फाइल चढवा, ‘लिंक असलेल्यांनाच दिसेल’ असं ठेवा आणि लिंक ग्रुपवर टाका. ब्राउझरमध्ये उघडते, ॲप लागत नाही. एवढ्यावर थांबलो असतो, पण ‘मुलांनी छेडछाड करू नये म्हणून लॉक’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांचं हेच पालुपद. आकृतीचा स्क्रीनशॉट काढा, ग्रुपवर टाका, फाइल मुलांच्या हाती देऊ नका. मी दिली. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय: एक जीवा आणि वर्तुळावर सरकणारा एक बिंदू. विशालकंसावर बिंदू कुठेही न्या, कोन 50° च. रात्री एका मुलीचा मेसेज आला, ‘सर, फाइल बिघडली, 130 दाखवतेय.’ तिने बिंदू ओढत ओढत जीवेच्या पलीकडे, लघुकंसावर नेला होता. मी फक्त लिहिलं, ‘आधीचा कोन आणि हा, बेरीज कर.’ थोड्या वेळाने तिचं उत्तर: ‘180!! नेहमीच येणार का?’ चक्रीय चौकोन (चारही शिरोबिंदू वर्तुळावर, समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180°) अजून वर्गात यायचा होता. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर सर म्हणाले, ‘बघा, म्हणूनच म्हणतो, फोटो पाठवा.’ अहो, फोटोतला बिंदू हलतो का?

(कोनाची मर्यादा 0° ते 180° करून ठेवा. मूळ सेटिंगला लघुकंसावर 130° ऐवजी 230° दिसतो, आणि मग तुम्हालाच निस्तरावं लागतं.)

शिवाय लॉकची भीती मुळातच फोल आहे. लिंकवर मुलाने काहीही ओढलं तरी ते त्याच्याच स्क्रीनवर. तुमची मूळ फाइल शाबूत. पान रिफ्रेश केलं की आकृती पहिल्यासारखी.

सरांचा दुसरा मुद्दा, ‘हे वेबवरचं आज चालतं, उद्या बंद पडतं.’ यात तथ्य होतं, पण तेव्हा. जिओजेब्राच्या आकृत्या वेबपानावर जावा ॲपलेटने (ब्राउझरमध्ये वेगळं प्लगइन टाकून चालणारा छोटा प्रोग्राम) चालायच्या आणि 2015 मध्ये क्रोमने अशा प्लगइनचा आधारच काढून टाकला. आता सगळं एचटीएमएल 5 वर आहे, म्हणजे ब्राउझरला वेगळं प्लगइन लागतच नाही. तो राग आजच्या मुलांवर कशाला?

हां, ज्यांच्या घरी रेंज नाही त्यांना लिंकचा उपयोग नाही. त्यांना .जीजीबी फाइल (जिओजेब्राची मूळ फाइल) व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि ॲप आधीच टाकून घ्यायला सांगा. ही फाइल आतून झिपच असते. त्यामुळे एखादा फोन ती झिप म्हणून उघडतो आणि पोरं आकृतीऐवजी आतला एक्सएमएल कोड बघत बसतात. जिओजेब्रा ॲप आधी उघडून त्यातूनच फाइल निवडायची. आकृतीत फोटो चिकटवू नका, फाइल उगाच फुगते.

ड्राइव्हचं विचारलंत. ड्राइव्हवर फाइल नुसती पडून राहते, तिथल्या तिथे बिंदू हलवता येत नाही. स्वतःचा बॅकअप म्हणून ठेवा.