बाबांची दुनळी घरात तशीच पडून आहे, काय करू?

प्रश्न: आमचं गाव कुडाळजवळ, मी पुण्यात नोकरीला. बाबा मे महिन्यात वारले. माकडं-डुकरांपासून शेती राखायला त्यांनी लायसन काढून बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घेतली होती, ती माजघरात कपाटामागे उभी आहे आणि डब्यात पंधरा-वीस जुनी कागदी काडतुसं, त्यातली काही फुगलीयत. आई म्हणते बंदूक रिकामीच आहे. गणपतीला सगळी पोरं येणार. काडतुसं उन्हात वाळवू का? आणि लायसन आपोआप माझ्या नावावर होतं का?

उत्तर: आधी बंदुकीचं बोलू. आईंनी राग मानू नये, पण 'रिकामी आहे' हे कुणाच्या सांगण्यावरून कधीच धरायचं नसतं. मी पोलिसांच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, बावीस वर्षं काढली, तिथे रायफल हातात देणारा बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, उघडं दाखवायचा आणि घेणारा तरीही करंगळी आत घालून चाचपायचा, दोघंही रोज हेच करणारे बरं का. दुनळीत तर जास्तच धोका, कारण माणूस एक बार काढतो, डुक्कर पळतं, आणि दुसरी नळी भरलेलीच राहते. तुम्ही कधी बंदूक उघडली नसेल तर आता शिकू नका, आहे तिथे राहू द्या, खोलीला कुलूप लावा, किल्ली आईंकडे द्या.

काडतुसं अजिबात वाळवू नका, तेल लावू नका, चुलीत किंवा विहिरीत तर नकोच नको. आगीत काडतूस फुटलं की पितळेचे तुकडे उडतात. फुगलेलं काडतूस नळीत दाबून बसवायचं नाही. आणि डब्यात एखादं बारीक काडतूस दिसलं तर पोलिसांना आवर्जून सांगा, २० बोअरचं काडतूस (आकडा मोठा असला तरी ते बाराहून बारीक असतं) बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, दिसत नाही, मग मागून बाराचं घालून बार काढला की नळीच फाटते. हल्ली २० बोअर पिवळं करतात ते ह्याचसाठी.

लायसन आपोआप होत नाही. ते माणसाच्या नावावर असतं, बंदुकीच्या नाही, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात विनापरवाना हत्यार बाळगणं गुन्हा आहे, मुलगा असलात तरी. मे पासून तसाही उशीर झालाय, म्हणून उद्याच गावच्या पोलिस ठाण्यात फोन करा, बाबा वारल्याचं सांगा आणि माणूस पाठवून बंदूक-काडतुसं जमा करून घ्या म्हणून विनंती करा, स्वतः एसटीत घालून नेऊ नका. पुढे वारस म्हणून कलेक्टर ऑफिसला अर्ज करता येतो, नाहीतर परवानाधारक डीलरला विकता येते. पुण्यात राहून शेतीराखणीचं कारण पटवणं अवघड जाईल, माझं मत विचाराल तर विकून टाका.

जमा करताना बाबांचं लायसन आणि मृत्यूचा दाखला जवळ ठेवा, आणि पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची मोजून संख्या लिहून घ्या.