ॲडव्हान्स्ड रशियन घेतलंस ना, मग हे वाच

तुझा मेल वाचला, मनापासून अभिनंदन! आता रोज किती नवीन शब्द पाठ करू असं विचारलंयस. माझं मत स्पष्ट सांगते, शब्द वाचता वाचता येतीलच, त्यांच्या मागे धावू नकोस. जे वाक्य कळलंय असं वाटतं तिथेच थांब आणि इथे हेच रूप का आलं ते विचार. बऱ्याच जणांची गाडी बी-टूपर्यंत, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीपर्यंत, झकास जाते आणि मग तिथेच अडकते, कारण आपलं बोलणं समोरच्याला कळतंय म्हटल्यावर सुधारायची निकडच राहत नाही.

सगळ्यात जास्त वेळ क्रियापदांच्या आस्पेक्टला दे, म्हणजे पूर्ण झालेल्या क्रियेचं परफेक्टिव्ह रूप आणि चालू किंवा नेहमीच्या क्रियेचं इम्परफेक्टिव्ह रूप या जोडीला. नियम तुला येतात, पूर्ण झालेली क्रिया, चालू क्रिया, नेहमीची क्रिया वगैरे, पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. वाचणं या क्रियापदाचं इम्परफेक्टिव्ह "चिताल" वापरून कोणी विचारलं तर त्याला एवढंच हवंय की हे पुस्तक कधी वाचण्यात आलंय का, आणि त्याचंच परफेक्टिव्ह "प्रचिताल" वापरून विचारलं की वाचायचं ठरलं होतं ते वाचून झालं का असा रोख येतो. नकारार्थी आज्ञा बघ. खिडकी उघडू नका म्हणताना इम्परफेक्टिव्ह लागतं, पण निसरड्या पायऱ्यांवर कोणाला सावध करताना परफेक्टिव्ह, कारण मुद्दाम कोणी पडत नाही, आणि आपणसुद्धा तिथे "पडू नका" न म्हणता "पडाल हं!" असंच म्हणतो की. हे तक्ते पाठ करून येत नाही गड्या. एक पान घे, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मार, आस्पेक्ट बदलून वाक्य परत वाच आणि अर्थ कुठे सरकतो ते समासात लिही. अडलं तर रशियन भाषेचा नॅशनल कॉर्पस २००४ पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे, त्यात खऱ्या लिखाणातली हवी तेवढी वाक्यं सापडतात.

दुसरं म्हणजे आवाजाचा चढउतार. येलेना ब्रिझगुनोवा या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी रशियन बोलण्यातले सात साचे वेगळे काढून दाखवले, त्यातला तिसरा हो-नाही प्रश्नांचा, तो आधी पक्का कर. "अंतोन वचिरा बील दोमा?", म्हणजे अंतोन काल घरी होता का. आवाज "अंतोन"वर चढवला तर तोच होता ना असं विचारलं जातं, "वचिरा"वर चढवला तर कालच ना, आणि "दोमा"वर चढवला तर घरीच ना. शब्द तेच, क्रम तोच, फक्त आवाज हलला. आणि इंग्रजीसारखा शेवटी वर नेत गेलास तर प्रश्न भलत्याच शब्दावर जातो, म्हणून रेकॉर्ड करून ऐक, लाजू नकोस.

आता संस्कृतीचा पेपर. त्याला भाषेपासून वेगळं काढून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचू नकोस प्लीज. रशियन लेखक गोगोलची "शिनेल" (ओव्हरकोट) ही १८४२ ची गोष्ट तू वाचशीलच, तिचा नायक टायट्युलर कौन्सिलर आहे हे आपण सहज वाचून पुढे जातो. पण रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याने १७२२ मध्ये सरकारी हुद्द्यांच्या चौदा पायऱ्या ठरवून दिल्या होत्या, त्यातली ही नववी, आणि वंशपरंपरागत उमरावपण त्या काळात मुलकी नोकरीत आठवीपासून मिळायचं. म्हणजे हा माणूस बरोब्बर त्या दाराच्या अलीकडे जन्मभर बसलेला आहे, आणि हे कळलं की ऑफिसातले लोक त्याला कसे वागवतात त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं. तसंच नावांचं, एकाच पानावर एकाच माणसाला कोणी नाव आणि पितृनाव लावून हाक मारतं, कोणी लाडाच्या नावाने, आणि दोन माणसं "वी"वरून (तुम्ही) "ती"वर (तू) आली की तिथे काहीतरी घडलेलं असतं. ते घडलेलं पकड.

ऐकायला युरी लोतमान यांची रशियन संस्कृतीवरची टीव्ही व्याख्यानं घे, एस्टोनियातल्या तार्तूला शिकवायचे हे प्राध्यापक, विषयात शिरले की समोरच्याला सोबत घेऊन जायचे. सबटायटल न लावता दहा मिनिटं ऐक, मग त्याचा सारांश रशियनमध्येच लिही, त्याने ॲकॅडमिक लिखाणही सुधारतं. टॉर्फल, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या रशियन परीक्षेची घाई नको, पण द्यायचीच तर लक्षात ठेव की व्याकरण-शब्दसंग्रह, वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे पाच भाग असतात, आणि नुसत्या वाचनाच्या जोरावर सी-वन, म्हणजे बी-टूच्या वरची पातळी, निघत नाही. बाहेर जाऊन शिकायची संधी आली तर मॉस्को-पीटर्सबर्गच्या पलीकडेही बघ, किर्गिझस्तानात रशियन अधिकृत भाषा आहे आणि बिश्केकमध्ये दिवसभर रशियन कानावर पडतं.

पुढच्या मेलला तुझा एक रशियन निबंध जोड, एका पानाचा चालेल. क्रियापदांवर खुणा करून आणि प्रत्येकापाशी तोच आस्पेक्ट का घेतला ते एका ओळीत लिहून पाठव, मी नीट बघून उत्तर देते.